मनूचे डोळे दाखवावेत की नाही: जानेवारी ते ऑक्टोबर

'डोळा जरा वेगळा वाटतोय, पण दाखवण्याइतकं काही आहे का?' असा घोळ ज्यांच्या घरी सध्या चालू असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तपासणीला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ जायचं की नाही हे ठरवण्यात गेला. मी डॉक्टर नाही. वाईजवळच्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. त्यामुळे इथली औषधं आणि नंबर आमच्या मुलीचे आहेत, तुमच्या मुलाला तसेच लागू होतील असं समजू नका.

२१ जानेवारीला, रविवारी, मनूचं बोरन्हाण केलं. वय वर्षं चार आणि चार महिने, म्हणजे यंदाचं शेवटचंच. हलव्याचा मुकुट, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, भावकीतली सगळी पोरं खाली वेचायला. संध्याकाळी वहिनीनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'मनूचा डावा डोळा आत गेल्यासारखा दिसतोय का गं?'

झालं. त्या रात्री सगळ्या खानदानानं तो फोटो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "नाक बसकं आहे तिचं. तिच्या बापाचंही असंच होतं. नाक वर आलं की डोळे आपोआप जागेवर." माझी आई फोनवर म्हणाली, थोडा तिरळेपणा भाग्याचा असतो, बोलू नका त्यावर. शेजारच्या काकूंचं निदान तर तयारच असतं: मोबाईल. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी अडवलं नाही, त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मी जुने फोटो उघडून बसले. समोरून काढलेल्या फोटोत काहीच नाही. मान थोडी वळलेली असली की डावा किंवा उजवा, जो नाकाकडे वळलेला असेल तो डोळा आत गेल्यासारखा दिसायचा. म्हणजे कधी हा, कधी तो. त्यानं मी आणखीच गोंधळले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खोकल्यासाठी तिला वाईला तिच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा हळूच विषय काढला. त्यांनी टॉर्च लावून दोन्ही बाहुल्यांत प्रकाशाचा ठिपका कुठे पडतो ते पाहिलं. दोन्हींत मधोमध होता. "तिरळेपणा वाटत नाही. हवं तर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाले. या 'हवं तर'चं काय करायचं ते कुणालाच कळेना. 'दाखवाच' म्हणाले असते तर गेलो असतो, 'गरज नाही' म्हणाले असते तर विषय संपला असता.

त्याच दिवशी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात 'कॉम्प्युटरवर मोफत तपासणी' अशी पाटी दिसली म्हणून आत गेलो. दुकानदारानं मनूकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "ताई, एवढ्या लहान मुलाचा नंबर मी काढत नाही. लहान मुलं डोळ्यावर जोर देऊन नंबर लपवतात, मशीन काहीही दाखवतं. औषध घालूनच बघावं लागतं." धंदा सोडून खरं बोलणारा माणूस. पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं. लहानपणी डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. मूल जोर लावून ते फुगवतं आणि प्लसचा नंबर झाकला जातो. म्हणून मुलांचा नंबर भिंगाचे स्नायू औषधानं सैल करून काढतात.

न जाण्याच्या बाजूनं आमच्याकडे पुरावे भरपूर होते. मनू बारीक मणी ओवते, तांदळातला खडा माझ्याआधी उचलते, वळणावरून येणारी एसटी ओळखते. कधी डोळे चोळत नाही, डोकं दुखतं म्हणत नाही. जाण्याच्या बाजूनं होता तो बोरन्हाणाचा एक फोटो. त्यात पुण्याला जायचं म्हणजे ह्यांचा खाडा आणि माझी लग्नसराईची शिलाई मागे पडणार.

निकाल लागला अंगणवाडीत. १३ फेब्रुवारीला सेविकाताईंचा निरोप आला की तपासणीची गाडी येणार आहे, पालकांनी थांबावं. ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी. २०१३ पासून ही योजना चालू आहे. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असं ठरलेलं आहे. वजन, उंची, दात, कान, हृदय सगळं बघतात आणि सगळं फुकट असतं. अनेक आया मूल सोडून घरी जातात. माझं ऐकाल तर थांबा आणि मनातली शंका तिथे बोलून दाखवा, कारण एका गाडीला पन्नासेक पोरं उरकायची असतात आणि तुम्ही बोललात की ते जरा जास्त थांबतात.

मी फोटोचं सांगितलं. डॉक्टरमॅडमनी मनूला भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं आणि डावा डोळा तळहातानं झाकला. मनूनं पटापट सांगितलं, मोर, घर, छत्री. मग उजवा झाकला. तिनं मान वाकडी केली, मॅडमचा हात बाजूला ढकलला, "काढ ना," म्हणाली. पुन्हा डावा झाकला, शांत. पुन्हा उजवा, पुन्हा हात ढकलला. मॅडम म्हणाल्या, "चांगला डोळा झाकला की मूल कुरकुरतं. एकाच बाजूला कुरकुरत असेल तर मी सोडून देत नाही." त्यांनी संदर्भचिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयात तपासणी मोफत होते, किंवा आम्हाला सोयीचं पडेल तिथे दाखवा म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आम्ही तोच खेळ केला. हातानं झाकलं की मुलं बोटांच्या फटीतून बघतात, म्हणून डोळ्यावर कापसाची घडी ठेवून वरून रुमाल बांधला. पुढ्यात ताटलीत मोहरी आणि साबुदाणा मिसळून ठेवला, साबुदाणा वेच म्हटलं. डावा डोळा बांधलेला असताना ती ताठ बसून वेचत होती. उजवा बांधल्यावर नाक ताटलीला टेकलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही न बोलता आत गेल्या आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाल्या, "पुण्याला फोन लावा."

घरचा असला खेळ म्हणजे तपासणी नव्हे. एखादं मूल नुसतं कंटाळूनही हात ढकलेल, आणि दोन्ही डोळे सारखेच अधू असतील तर दोन्हीकडे सारखंच वागेल. शंका पक्की करायला तो उपयोगी आहे, शंका फेडायला नाही.

पुणं निवडलं कारण कोथरूडला नणंद राहते आणि औषध घालून तपासायचं म्हणजे पुन्हा यावं लागतं, हे फोनवरच कळलं होतं. एका ट्रस्टच्या रुग्णालयात लहान मुलांच्या डोळ्यांचा वेगळा विभाग आहे. ४ मार्चची, सोमवारची वेळ मिळाली. बरोबर नेलं ते: तिचं निळं बाल आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, अंगणवाडीची चिठ्ठी, जुने फोटो मोबाईलमध्ये वेगळे काढून. हे फोटो डॉक्टरांनी खरंच पाहिले, त्यामुळे तुम्हीही न्या. एसटीला माझं अर्धं तिकीट आणि पाच वर्षांखालच्या मनूचं काहीच नाही, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. केसपेपर १५० रुपये.

नऊ वाजता नंबर लावला, आत बोलावलं तेव्हा साडेअकरा झाले होते. मुलाची झोप झालेली आणि पोट भरलेलं असू द्या, नाहीतर तक्त्यासमोर उभं राहीपर्यंत ते रडकुंडीला येतं. आम्ही गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेले होते. अर्धी रांग त्यावर जगली.

अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो: घर, गोल, चौकोन आणि एक सफरचंद. मनू सफरचंदाला 'बदाम' म्हणाली, चौकोनाला 'खिडकी'. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, काहीही म्हण, फक्त दर वेळी तेच म्हण. डोळा झाकायला त्यांनी हात वापरलाच नाही, चिकटपट्टी लावली. उजव्या डोळ्यानं ती बरीच खालची ओळ वाचत गेली, ६/९. डाव्यानं वरूनच अडखळायला लागली, ६/२४. निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून जे ओळखता येतं, त्यासाठी तिच्या डाव्या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागत होतं. मी मागच्या खुर्चीत बसले होते. ती 'बदाम' म्हणत होती आणि समोर घर होतं. पोटात खड्डा पडला.

मग डॉक्टरांनी तिला एका छोट्या खेळण्याकडे बघायला लावून एकेक डोळा आळीपाळीनं झाकला. झाकलेला डोळा उघडताना तो जागचा हलतो का, हे बघायचं असतं. हलला नाही. म्हणजे तिरळेपणा नव्हताच. नाकाचा पूल रुंद असला आणि आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असली की नाकाकडचं पांढरं झाकलं जातं आणि डोळा आत गेल्यासारखा भासतो, मान वळली की जास्तच. सासूबाईंचं नाकाचं निदान शंभर टक्के बरोबर निघालं. त्या अजून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

ज्याच्यासाठी गेलो ते नव्हतं आणि ज्याची कल्पनाही नव्हती ते होतं. नक्की नंबर काढण्यासाठी ॲट्रोपीनचं मलम दिलं, दिवसातून दोनदा, तीन दिवस, दोन्ही डोळ्यांत. ८ मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी होती, म्हणून ६, ७ आणि ८ ला मलम घालून शनिवारी, ९ तारखेला यायचं ठरलं. मलम ५० रुपयांच्या आत मिळालं. अगदी थोडं, तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत. नंतर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. जास्तीचं पुसायचं आणि आपले हात साबणानं धुवायचे. मी ते सकाळी उठायच्या आधी आणि रात्री झोपल्यावर घालत होते. चेहरा लाल झाला, ताप आला, तोंड फार कोरडं पडलं किंवा मूल भ्रमिष्टासारखं वागलं तर थांबवून लगेच फोन करा, असं सांगितलं होतं. आम्हाला दुसऱ्या दिवशी गाल थोडे तांबडे वाटले. फोन केला, ताप नाही म्हटल्यावर चालू ठेवा म्हणाले. बाहुल्या मोठ्या राहतात दहा-बारा दिवस. मार्चच्या उन्हात पोर डोळे मिटून चालत होती. टोपी आधीच घेऊन ठेवा.

९ तारखेला अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवली आणि समोर एकेक भिंग धरत गेले. यात मुलाला काहीच सांगावं लागत नाही, आत पडलेल्या प्रकाशाच्या हालचालीवरून नंबर कळतो. उजवा +१.५०, डावा +५.००. डोळ्याचा पडदा, नस सगळं ठीक होतं.

डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. दोन डोळ्यांच्या नंबरात एवढा फरक असला की एका डोळ्यातून मेंदूला कायम पुसट चित्र मिळतं. मेंदू स्पष्ट चित्र ठेवतो आणि पुसटाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डोळा धडधाकट असूनही त्याची नजर वाढत नाही. यालाच लेझी आय म्हणतात. दुसरा डोळा सगळं सांभाळून घेतो, म्हणून मूल मणी ओवतं, एसटी ओळखतं आणि तक्रार करत नाही. त्याला दुसरं कसं दिसतं हे माहीतच नसतं. बाहेरून बघणाऱ्याला तर काहीच कळत नाही. आमचे 'न जाण्याचे' सगळे पुरावे खरेच होते, पण ते फक्त उजव्या डोळ्याचे होते.

मी मोबाईलचं विचारलं. नाही म्हणाले. हा नंबर डोळ्याच्या जन्मजात लांबी-रुंदीतला फरक आहे, तिनं काही केलं म्हणून नाही आणि तुम्ही काही केलं म्हणून नाही. घरी काजळ घालतो तेवढं बंद करायला सांगितलं. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला. मोठ्या मुलांतही सुधारणा होते, पण कमी आणि कष्टानं.

कुठली लक्षणं दिसली तर 'हवं तर' न म्हणता थेट जायचं, हेही मी विचारून घेतलं. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. एखादा कोन जुळला की तसं निव्वळ फोटोतही दिसू शकतं, पण मोतीबिंदू किंवा पडद्याची गाठही असू शकते आणि ते घरी ठरवता येत नाही. डोळा अचानक तिरळा झाला, चार महिन्यांच्या पुढच्या बाळाचा डोळा सतत आत किंवा बाहेर जातोय, पापणी बाहुलीवर उतरलीय, बुबुळ धुरकट दिसतंय, डोळे थरथरतायत, मूल बघताना मान कायम एकीकडे वाकवतंय, यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही. आणि यातलं काहीच नसलं तरी शाळेत घालायच्या आधी, तीन ते चार वर्षांच्या दरम्यान, दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून एकदा तपासून घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं. मनूसारख्या मुलांत दुसरं लक्षण नसतंच.

चष्मा १६ मार्चला मिळाला. न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा, मागे पट्टा असलेली रबरी फ्रेम, १,८५० रुपये. लाल रंग तिनं निवडला. शाळकरी मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मा मिळण्याची सोय आहे, ती शासकीय रुग्णालयात विचारावी. चष्मा घातल्यावर काही चमत्कार झाला नाही. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "कान दुखतायत." दोन-तीन दिवसांनी विसरली. बाहुल्या मोठ्या असतानाच चष्मा सुरू केला की मुलं लवकर स्वीकारतात, हे मात्र पटलं.

मोठ्या माणसांना सवय व्हायला जास्त वेळ लागला. पाडव्याला गुढीखालचा फोटो काढताना एका आत्यानं "फोटोपुरता काढा की तो चष्मा" म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही. "एवढ्याशा पोरीला सोडावॉटर!" हेही झालं. मी प्रत्येकाला समजावत बसले नाही, उत्तर ठरवून ठेवलं होतं: "डॉक्टरांनी दिवसभर घालायला सांगितलाय." बहुतेक लोक डॉक्टरांच्या नावापुढे जात नाहीत.

डोळ्यावर पट्टी लगेच दिली नव्हती. अशा मुलांत नुसत्या चष्म्यानंही नजर सुधारते, काहींना पट्टी लागतच नाही. १८ मेला तपासलं, डावा ६/१८ झाला होता. सुधारला, पण पुरेसा नाही. मग पट्टी आली, चांगल्या डोळ्यावर, रोज दोन तास, वरून चष्मा. मी म्हटलं, दिवसभर लावली तर लवकर होईल ना? त्यांनी सांगितलं, अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटानं २००३ मध्ये सात वर्षांखालच्या मुलांवर अभ्यास केला होता. मध्यम प्रमाणातल्या लेझी आयला दोन तास आणि सहा तास यांत चार महिन्यांनी फरक पडला नव्हता. दोन तास ऐकून जीव भांड्यात पडला.

पहिले आठ-दहा दिवस मात्र वाईट होते. ती पट्टी ओढून काढायची, रडायची, आणि ते साहजिक होतं, कारण आपण तिचं चांगलं दिसणं काढून घेत असतो. चष्म्यावर कापडी पट्टी मी शिवून पाहिली, पण बाजूच्या फटीतून ती बघते हे लगेच कळलं. कातडीला चिकटणारीच लागते. तिचा खोका दर महिन्याला साधारण ३०० रुपये. चिकटल्या जागी पुरळ आलं तर काढताना खोबरेल लावावं. अंगणवाडीत पाठवताना नको, घरी संध्याकाळी पाच ते सात ठरवले, सासूबाईंच्या ताब्यात. त्या वेळात मटार सोलणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, चित्रं रंगवणं, असं जवळून बघायचं काम हवं. कधी नाइलाज झाला तर मोबाईलवरचा खेळही चालतो, म्हणजे शेजारच्या काकूंना काय सांगायचं हा वेगळा प्रश्न. तिच्या खेळातल्या बाहुलीलाही पट्टी लावायची प्रथा पडली आणि महिन्याला एक पट्टी तिच्यावर खर्च होऊ लागली.

२० जुलैला ६/१२. ५ ऑक्टोबरला पुन्हा ६/१२, पण ओळीतली दोन चित्रं जास्त ओळखली. मला वाटलं अडकलं. डॉक्टर म्हणाले, मधे असं थबकतं, दोन तास चालू ठेवा. पुढची तारीख जानेवारीची आहे. नजर बरोबरीला आली तरी पट्टी एकदम बंद करत नाहीत, हळूहळू कमी करतात, कारण काही मुलांत डोळा पुन्हा मागे जातो. चष्मा तर पुढची बरीच वर्षं राहणार.

सप्टेंबरमध्ये मनू पाच वर्षांची झाली, आता एसटीत तिचंही अर्धं तिकीट. असे नंबर एकाच घरात चालतात म्हणून धाकट्यालाही जानेवारीत बरोबर आणायला सांगितलंय. तो दीड वर्षाचा आहे, चित्रं ओळखणार नाही, पण प्रकाशाच्या रेघेवरून नंबर काढायला त्याची गरज नसते. मलम दोघांनाही लागेल का ते आधी फोन करून विचारायचंय. लागलं तर संक्रांतीच्या आधी घालून मोकळं व्हावं, नाहीतर बोरन्हाणाला अंगणातल्या उन्हात तो डोळे उघडायचा नाही.